गोव्यात शंभर-दोनशे मतांनी हरलेल्या उमेदवाराने फेरमोजणी मागितली तर निकाल बदलतो का? टपाली मतांत गडबड करता येते का?

बहुतेक वेळा बदलत नाही. मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचे, म्हणजे मते साठवणाऱ्या भागावरचे, रिझल्टचे बटण दुसऱ्यांदा दाबले तर तोच आकडा येतो, तिसऱ्यांदा दाबले तरी तोच. मतपत्रिकांच्या काळात गठ्ठे पुन्हा मोजण्यात अर्थ होता. मिझोराममध्ये २०१८ साली तुइवॉल मतदारसंघाचा निकाल तीन मतांनी लागला. फेरमोजणी झाली, फरक तीनच राहिला.

तुमचा प्रश्न गोव्याचा आहे म्हणून जरा लांबण लावतो. आमच्याकडे मतदारसंघ म्हणजे पंचवीस-तीस हजार मतदार. बाहेरच्या राज्यात एवढ्या मतांवर जिल्हा परिषद सदस्य निवडून येत असेल, आमच्याकडे आमदार येतो. त्यामुळे २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी, वेळ्ळीचा १६९ मतांनी, डिचोलीचा ३१८ मतांनी लागला. खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी वाचले. पणजीत उत्पल पर्रीकर ७१६ मतांनी पडले. हे आकडे ऐकले की प्रत्येक हरलेल्याला वाटते, आपले कोणीतरी चोरले.

मी हायस्कुलात शिक्षक होतो. निवडणूक आली की मतदान केंद्राध्यक्षाची ड्युटी ठरलेली. आदल्या दिवशी यंत्रे, सील, शाई, फॉर्मांचा ढीग ताब्यात घ्यायचा, कदंबच्या बसने केंद्रावर जायचे, रात्री वर्गातल्या बाकांवर अंग टाकायचे आणि पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेले खोटे मतदान. मॉक पोल झाला की क्लोज, रिझल्ट, क्लिअर, याच क्रमाने बटणे दाबायची. क्लिअर विसरलात तर ती पन्नासेक खोटी मते खऱ्यांत मिसळतात आणि मोजणीच्या दिवशी तुमच्या नावाने शिमगा. माझ्या केंद्रावर असे कधी झाले नाही. हे जरा ऐटीतच सांगतो, आणि का सांगू नये?

२०२२ च्या आधी मी निवृत्त झालो होतो. उत्तर गोव्यातल्या एका उमेदवाराने निरोप धाडला, मास्तर, मोजणीला आमचे एजंट म्हणून बसा, तुम्हाला कागद कळतात. नाव आणि मतदारसंघ सांगत नाही, मला गावात राहायचे आहे. मी हो म्हटले आणि मोजणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन एकच गोष्ट मागितली, सगळ्या बूथांवरच्या १७ सी च्या प्रती.

१७ सी म्हणजे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष जो हिशेब लिहितो तो फॉर्म. यंत्राचा नंबर काय, सीलचा नंबर काय, एकूण मते किती पडली. त्याची सही केलेली प्रत तिथे हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला द्यावीच लागते. हरणाऱ्याच्या हातात हाच एक खरा पुरावा असतो. मी निम्मे आयुष्य त्या प्रती वाटल्या, आणि सांगतो, शेवटच्या तासात घ्यायला अर्धे एजंट जागेवर नसायचे.

तर त्या संध्याकाळी माझ्यापुढे एक प्लॅस्टिकची पिशवी आली. त्यात निम्म्याहून कमी बूथांच्या प्रती. एकीवर शागुतीच्या रश्शाचा डाग. बाकीच्या कुठे आहेत विचारले तर पोरे एकमेकांकडे बघायला लागली. मतदानाच्या दिवशी चार वाजताच उमेदवाराच्या घरी जेवण सुरू झाले होते आणि मंडळी बूथ सोडून पानावर बसली होती. सहापर्यंत मतदान, त्यानंतर रांगेतले लोक, मग सील, मग फॉर्म. एवढा वेळ उपाशी कोण बसणार! घराघरात जाऊन मते गोळा करायला महिनाभर चपला झिजवल्या आणि शेवटच्या दोन तासांत बूथ उघडा टाकला. मी तिथेच सांगितले, उद्या थोडक्यात हरलात तर मला काही विचारू नका.

पहाटे मेहुण्याने गाडीने पणजीला सोडले. माझा मेहुणा सरकारी नोकर. उघड प्रचार करता येत नाही म्हणून घरात बसून दुप्पट करतो. मोजणी आल्तिनोच्या टेकडीवर होती, त्याला खालीच अडवले, मी पास दाखवून वर गेलो. आत फोन नाही. मोजणीच्या टेबलांपुढे जाळी, जाळीच्या अलीकडे आम्ही कागद-पेन घेऊन. आठला टपाली मते सुरू झाली, साडेआठला यंत्रे. ज्या बूथांच्या प्रती हातात होत्या त्यांची बेरीज मी प्रत्येक यंत्राशी ताडून पाहिली. एकाही ठिकाणी फरक नाही. ज्यांच्या नव्हत्या तिथे मी काय ताडणार, कपाळ?

शेवटची फेरी संपली तेव्हा आमचा माणूस तीन आकडी फरकाने मागे. बाहेर आरडाओरडा, फेरमोजणी मागा, फेरमोजणी मागा! मागता येते. निकाल जाहीर होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा, कारण लिहायचे, आणि तो मान्य की अमान्य हे अधिकारीही लेखी देतो. पण कारण काय लिहू? ‘आम्हाला बरे वाटत नाही’ असे? तरी उमेदवाराच्या हट्टामुळे अर्ज दिला. बाद झालेली टपाली मते जिंकणाऱ्याच्या मताधिक्यापेक्षा कमी होती. ती जास्त असती तर अधिकाऱ्याला बाद झालेली सगळी टपाली मते पुन्हा तपासणे भागच पडते. आमचा अर्ज फेटाळला गेला आणि तो फेटाळणे बरोबरच होते.

खाली आलो तर मेहुणा गाडीला टेकून उभा. “भाओजी, टपाली मतांत खाल्ले आपल्याला. तुम्ही आत बसून बघत राहिलात!” मी वर्षानुवर्षे हे काम केलेला माणूस, आणि हा मला सांगतो. म्हापशापर्यंत भांडण, घरी बायकोसमोर भांडण, पुढे चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली सगळे पाहुणे जमलेले असताना पुन्हा तेच. तेव्हा मी त्याला विचारले, तुझी ड्युटी होती ना, तुझे टपाली मत कसे पाठवलेस ते सांग. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, “अगदी व्यवस्थित. मतपत्रिका आणि ते प्रतिज्ञापत्र दोन्ही आतल्या लहान पाकिटात घातले, चिकटवले, मग मोठ्या पाकिटात.”

ज्यांना टपाली मोजणी ठाऊक आहे ते आत्ता हसले असतील. प्रतिज्ञापत्र, म्हणजे १३-अ, हे मोठ्या पाकिटात सुटे असावे लागते. मोजणीला मोठे पाकीट उघडतात, आधी प्रतिज्ञापत्र बघतात, सही आणि साक्षांकन ठीक असेल तरच मतपत्रिकेच्या लहान पाकिटाला हात लावतात. प्रतिज्ञापत्र बाहेर सापडले नाही तर लहान पाकीट उघडतच नाहीत. म्हणजे टपाली मते खाल्ली म्हणून सहा महिने बोंबलणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे मत बंद पाकिटातच बाद झाले होते. मी हे सगळ्यांसमोर सांगितले. तो म्हणाला, “मग मोठ्या अक्षरांत लिहायचे होते ना त्यावर!” सूचनांचा कागद प्रत्येकाला मिळतो. मास्तर, तलाठी, क्लार्क, सगळे शिकलेले, आणि बाद टपाली मते त्यांचीच.

तेव्हा टपाली मतांत गडबड होते का, तर होते, पाठवणारेच करतात. मधल्या मध्ये कोणी पाकिटे बदलतो हे मी मानत नाही. प्रत्येक पाकिटाची नोंद असते आणि मोजताना सगळ्या उमेदवारांची माणसे डोळे लावून बसलेली असतात.

आणखी एक, हे मेहुण्याला पटत नाही पण तुम्हाला सांगतो. गोव्यात थोडक्यात हरणारा बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्यामुळे हरतो. २०२२ मध्ये भाजपला साधारण ३३ टक्के मते आणि ४० पैकी २० जागा. बाकीची मते काँग्रेस, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक), तृणमूल, आप, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स) आणि अपक्षांत वाटली गेली. तृणमूलला पाच टक्क्यांच्या वर मते मिळाली आणि जागा एकही नाही. आधी ती बेरीज करा, मग यंत्राकडे बोट दाखवा. आणि निकालानंतर जे होते त्याला तर कुठलीच फेरमोजणी नाही. २०१७ मध्ये काँग्रेस १७, भाजप १३, आणि सरकार आले भाजपचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये देवळात, क्रॉसपुढे आणि दर्ग्यात शपथा घेऊनही आठ गेले.

आता थोडी दुरुस्ती, नाहीतर कोणीतरी खाली येऊन कान धरेल. वरचे सगळे २०२२ चे आहे. आता ड्युटीवरच्या माणसाला टपाली मतपत्रिका घरी नेता येत नाही, सुविधा केंद्रातच मत द्यावे लागते. टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही, असाही नियम २०२५ मध्ये आला. दर मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या, मोजतात. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, पैसे भरून, पाच टक्के यंत्रे तपासून घेता येतात, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तशी सोय केली. आणि खरोखर पुरावा असेल तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. पुरावा म्हणजे १७ सी, चवथीला केलेली भाषणे नव्हेत.

पुढची निवडणूक २०२७ ला. मेहुणा तोवर निवृत्त होईल. त्याला मी आमच्या वाड्यावरच्या बूथवर एजंट म्हणून बसवणार आहे, आणि प्रत हातात आल्याशिवाय त्याला जेवायला वाढू नये असे त्याच्या बहिणीला आत्ताच सांगून ठेवले आहे.