रशिया पाकिस्तानला लढाऊ विमानांची इंजिनं देतो, अमेरिका आपली रखडवते. मग भारताने भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

तुमचा प्रश्न ऑक्टोबर २०२५ मधल्या गदारोळातून आलेला दिसतोय. पाकिस्तानने चीनबरोबर मिळून बनवलेल्या जेएफ-१७ लढाऊ विमानांसाठी रशिया आरडी-९३एमए इंजिनं देणार, अशी बातमी तेव्हा आली. काँग्रेसच्या जयराम रमेश यांनी सरकारला जाब विचारला, भाजपने बातमीच खोटी ठरवली, आणि मग चॅनेलवाल्यांनी मित्राच्या दगाबाजीपासून देशद्रोहापर्यंत सगळी भांडी वाजवून घेतली. त्या सगळ्यात इंजिनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी हवाईदलात इंजिन फिटर होतो. लोहगावला मिग-२९ होती त्या काळात माझी तिथे पोस्टिंग होती, त्यामुळे माझं उत्तर मैत्रीपेक्षा हँगरच्या बाजूने येणार, हे आधीच सांगतो.

आरडी-९३ आपल्याला परकं नाही. मिग-२९ मध्ये जे आरडी-३३ असतं त्याचा हा सख्खा भाऊ, दोन्ही क्लिमोव्ह या रशियन इंजिन कंपनीची. मोठा फरक गिअरबॉक्सचा. आरडी-३३ मध्ये तो इंजिनाच्या वरच्या अंगाला असतो. जेएफ-१७ एकाच इंजिनाचं विमान, तिथे तो खाली आणून बसवलाय. बाकी स्वभाव तोच, मागे सुटणारा काळा धूरसुद्धा तोच. जेएफ-१७ पहिल्यांदा उडालं २००३ मध्ये, ते याच इंजिनावर. चीनने रशियाकडून इंजिनं घेतली आणि ती पाकिस्तानला पुढे द्यायला रशियाने २००७ मध्ये परवानगी दिली. म्हणजे विमान उडालं तेव्हा दिल्लीत वाजपेयी होते, परवानगी मिळाली तेव्हा मनमोहन सिंग, आणि बोंब झाली ती मोदींच्या काळात. २०१० मध्ये सुखोईचे प्रमुख मिखाइल पोगोस्यान यांनी या विक्रीला विरोध केला होता, पण तोही भारताच्या प्रेमाखातर नव्हे. चीन हे स्वस्त विमान इतर देशांना विकेल आणि रशियाच्या मिग-२९ चं गिऱ्हाईक पळेल, ही त्यांची काळजी. धंदा आहे हो सगळा.

या बातमीतला खरा मुद्दा वेगळाच. वीस वर्षं उलटून गेली तरी जेएफ-१७ चं रशियन इंजिन बदललं गेलेलं नाही. चीनने त्याला पर्याय म्हणून डब्ल्यूएस-१३ तयार केलं, पण पाकिस्तानी हवाईदलाची जेएफ-१७ अजून आरडी-९३ वरच उडतात. एवढा पैसा आणि माणूसबळ असलेल्या चीनला स्वतःची जे-१० विमानंसुद्धा कित्येक वर्षं रशियाच्या एएल-३१ इंजिनावर उडवावी लागली. आता त्यांचं स्वतःचं डब्ल्यूएस-१० इंजिन बऱ्यापैकी बसलंय, पाकिस्तानच्या जे-१०सी मध्ये तेच आहे. पण तिथवर यायला त्यांची दोन-अडीच दशकं गेली.

इतका वेळ का लागतो ते बोरोस्कोप हातात घेतला की कळतं. बोरोस्कोप म्हणजे दुर्बिणीची बारीक नळी, ती केसिंगमधल्या भोकातून आत सारायची. दुसरा माणूस रोटर हळूहळू फिरवतो आणि टर्बाइनचं एकेक ब्लेड डोळ्यांसमोरून सरकत जातं. बोटाएवढं ब्लेड, त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यांतून थंड हवा बाहेर येऊन पात्याभोवती पातळ थर धरते. बाहेरचा वायू १४०० अंशांच्या घरात. ब्लेड ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो खरं तर त्या आचेत टिकायलाच नको. टिकतो तो त्या भोकांमुळे, वरच्या लेपामुळे आणि ओतकामामुळे. नव्या इंजिनांत अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं ओततात. आम्ही शोधायचो ते केसाएवढी चीर, जळका डाग, टोकाला उडालेला टवका. तसं काही दिसलं की इंजिन उतरवायचं. ब्लेडचं माप घेता येतं, धातूचं पृथक्करणही करता येतं, पण ते ओतायचं कसं हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

आणि इंजिन एकदा विकत घेतलं की विषय संपला, असं नसतं. ठरावीक तासांनी ते उघडावं लागतं, सुटे भाग लागतात, ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, पाठवावं लागतं. मिग-२९ आपल्याकडे १९८७ मध्ये आली. कॅगच्या अहवालात आकडे आहेत: १८९ पैकी १३९ इंजिनं जुलै १९९२ पर्यंत मुदतीआधीच निकामी होऊन काढावी लागली होती. पहिला ओव्हरहॉल ३०० तासांनी अपेक्षित होता, कित्येकांनी त्याचा निम्मा पल्लाही गाठला नाही. दुरुस्तीची सोय तेव्हा भारतात नव्हती, इंजिनं परदेशात पाठवायची. नेमकं त्याच काळात, १९९१ च्या शेवटी, सोव्हिएत संघ कोसळला. कारखाने वेगवेगळ्या देशांत गेले. मागणीपत्र कुणाच्या नावाने लिहायचं तेच कळेना. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि आजचं उड्डाण निभवायचं, हा रोजचा उद्योग झाला. रशियाशी तेव्हा आपलं भांडण नव्हतं, उलट घट्ट मैत्री होती. तरी विमानं जमिनीवर होती. पुढे ओझरचा बेस रिपेअर डेपो आणि एचएएल या सरकारी विमान कंपनीचा कोरापुटचा इंजिन कारखाना यांनी ते ओझं हळूहळू उचललं.

आता अमेरिका. आपल्या तेजस लढाऊ विमानासाठी कावेरी हे स्वदेशी इंजिन बनवायचं १९८९ मध्ये मंजूर झालं. ते होईपर्यंत अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं (जीई) एफ-४०४ वापरायचं ठरलं आणि सुरुवातीची ११ इंजिनं आलीही. मग मे १९९८ चं पोखरण. अमेरिकेने निर्बंध लादले, तेजसच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीवर तिकडे काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत यावं लागलं, सामानही तिकडेच अडकलं. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं तर मुळात ब्रिटिश, पण आतले काही भाग अमेरिकी, म्हणून तीही जायबंदी. तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं, निर्बंध असतानाच, आधी हाती आलेल्या इंजिनावर. याला म्हणतात इंजिन रोखणं.

२०२१ नंतर जे झालं ते रोखणं नव्हे, रखडणं आहे, आणि आपल्या बातम्यांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. तेजसची सुधारित आवृत्ती असलेल्या ८३ मार्क-१ए विमानांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, ५,३७५ कोटींची. पण आपल्याला लागणाऱ्या प्रकाराची जीईची उत्पादन रांग जुनी ऑर्डर पुरी करून २०१६ मध्येच थांबली होती. ती पुन्हा चालू करायची, पुरवठादार पुन्हा गोळा करायचे, त्यात कोविडनंतरची ओढाताण. २०२३ ला अपेक्षित असलेलं पहिलं इंजिन मार्च २०२५ च्या अखेरीस आलं. या काळात वॉशिंग्टन आणि दिल्ली गळ्यात गळे घालून होते! उलट ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ५० टक्के आयातशुल्क लावलं, संबंध तळाला गेले, आणि ते शुल्क चालू असतानाच ७ नोव्हेंबरला एचएएलने आणखी ११३ इंजिनांचा करार त्याच जीईशी केला. संबंध कसे आहेत यावरून इंजिन येईल की नाही याचा अंदाज बांधायला गेलात तर दोन्ही वेळा चुकाल.

अर्थात विमानं उशिरा येण्याचं सगळं खापर जीईवर फोडणंही बरोबर नाही. मार्क-१ए च्या रडार आणि शस्त्रांच्या जुळणीचं कामही मागे होतं. हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअर शोमध्ये एचएएलवर आपला भरवसा उरला नसल्याचं ऐकवलं होतं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ओझरच्या तिसऱ्या उत्पादन रांगेतून पहिलं मार्क-१ए उडालं, नाशिककरांनी टाळ्या वाजवल्या, मलाही बरं वाटलं. पण ते विमानही शेवटी एफ-४०४ वरच उडतं.

तुर्कस्तानचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. त्यांचं ‘कान’ नावाचं स्वदेशी लढाऊ विमान फेब्रुवारी २०२४ मध्ये उडालं, देशभर जल्लोष झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचेच परराष्ट्रमंत्री हाकान फिदान सहज बोलून गेले की कानची इंजिनं अमेरिकी काँग्रेसच्या मंजुरीसाठी अडकली आहेत. तिथे एकच हलकल्लोळ, कारण विमान राष्ट्रीय आहे असं लोकांना वर्षानुवर्षं सांगितलेलं. त्याला लागणारं अमेरिकी एफ-११० इंजिन एस्किशेहिरच्या कारखान्यात त्यांनी स्वतः जोडलंय, त्याचे भागही बनवलेत, चाळीसेक वर्षांचा अनुभव आहे. तरी परवाना अमेरिकेचाच लागतो. रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्याबद्दल डिसेंबर २०२० मध्ये लावलेले निर्बंध आहेतच. एस-४०० आपणही घेतली, हे लक्षात असू द्या.

म्हणून जून २०२३ मध्ये जीईच्याच एफ-४१४ इंजिनासाठी ८० टक्के तंत्रज्ञान हस्तांतरणाचा गाजावाजा झाला, तेव्हा मी फारसा हुरळलो नाही. आकडा किमतीच्या हिशेबाने असतो. त्यात एकस्फटिक ब्लेडचं मशीनिंग आणि लेप देणं येतं. ही कामं लहान नाहीत, पण ओतकाम वेगळं.

अमेरिकेने उद्या इंजिनं रोखलीच, तर तेजसचा ताफा एका दिवसात बसणार नाही. नव्या विमानांना इंजिन मिळणार नाही, आणि हातातली विमानं साठ्यातल्या सुट्या भागांवर चालतील तेवढी चालतील. किती काळ, हे कुणी किती साठा करून ठेवलाय त्यावर आहे. कावेरी तेजसपासून २००८ मध्ये वेगळं काढलं. त्याचा आफ्टरबर्नर (मागे जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) नसलेला अवतार आता मानवरहित विमानासाठी तयार होतोय, तो तेजसच्या कामाचा नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी ६० एकस्फटिक ब्लेडं ओतून एचएएलला दिली. टीव्हीवर ती बातमी मला कुठे दिसली नाही. इंजिनाच्या बाबतीत इतक्या वर्षांत मला सगळ्यांत आशादायक वाटलेली तीच.

पुढची परीक्षा फ्रान्सची. एएमसीए या आपल्या पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी सफ्रान या फ्रेंच कंपनीबरोबर मिळून नवं इंजिन बनवायचं राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. त्या कराराच्या बातम्या येतील तेव्हा किती हजार कोटी आणि किती टक्के, ते सोडून द्या. ब्लेडं कुठे ओतली जाणार, आराखड्याची मालकी कुणाची आणि आपण ते विमान तिसऱ्या देशाला विकायला गेलो तर पॅरिसची सही लागणार का, एवढं कुठे छापून आलंय का ते शोधा.