स्पॅनिशमध्ये अमेरिकेच्या संक्षेपात अक्षरे दोनदा का येतात?

अमेरिकेला स्पॅनिशमध्ये ‘एस्तादोस उनिदोस’, म्हणजे संयुक्त संस्थाने, असे म्हणतात. हे नाव अनेकवचनी असल्यामुळे त्यातील प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर दोनदा लिहितात आणि प्रत्येक जोडीनंतर टिंब देऊन दोन जोड्यांमध्ये जागा सोडतात. देवनागरीत ते ‘एए. ऊऊ.’ असे काहीसे दिसेल. ‘फुएर्सास आर्मादास’ (सशस्त्र दले) आणि ‘रेकुर्सोस उमानोस’ (मनुष्यबळ विभाग) यांचे संक्षेपही असेच होतात. वाचताना मात्र अक्षरे न उच्चारता पूर्ण नावच म्हटले जाते. ही युक्ती लॅटिनची आहे: रोमन नाण्यांवर सम्राटाच्या ‘ऑगस्टस’ या पदवीच्या संक्षेपातील शेवटचे अक्षर दोन सम्राट असल्यास दोनदा, तर तिघे असल्यास तीनदा कोरलेले आढळते. स्पॅनिशने तिप्पट लिहिण्याचा हिशेब ठेवला नाही, हे बरेच झाले.

एकाच शब्दाच्या संक्षेपात एकाहून अधिक अक्षरे असतील, तर द्विरुक्ती न करता शेवटी अनेकवचनाचा प्रत्यय लावतात. ‘पाखिना’ (पान) या शब्दाच्या संक्षेपाला ‘स’ लागतो, तर ‘डॉक्टर’च्या संक्षेपाला ‘ए’ आणि ‘स’ ही दोन अक्षरे. टिंबांशिवाय लिहिलेली आद्याक्षरी नावे, उदाहरणार्थ स्वयंसेवी संस्थांसाठीचे ‘ओएनेखे’, लेखनात बदलत नाहीत. त्यांचे अनेकवचन केवळ आधीच्या उपपदावरून कळते, जरी बोलताना लोक सर्रास ‘ओएनेखेस’ म्हणतात.