घरी येतं, सरांसमोर अडतं

“घरी एकदम बरोबर वाजतं, मॅडम. सरांसमोर उभं राहिलं की बोटंच चालत नाहीत. म्हणजे माझ्यात मुळात ते नाहीच का?”

ही तक्रार मी तबला शिकणाऱ्या मुलीकडून ऐकली आहे, पन्नाशीत गाडी शिकायला निघालेल्या बाईंकडून ऐकली आहे, एम.डी.च्या तोंडी परीक्षेआधी आलेल्या एका डॉक्टरकडूनही ऐकली आहे. वाद्य बदलतं, वाक्य तेच. त्यामुळे पाठीला लांबलचक बॅग लटकवून एक मुलगा दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिरला आणि हेच बोलला, तेव्हा वाटलं, ओळखीचं प्रकरण आहे, चार भेटींत आटपेल. तिथेच मी चुकले. कशी, ते सांगतेच. (त्याला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 19. राहायला भांडुपला. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, त्यामुळे घरातला विनोद ठरलेला: बेस्टवाल्याचा मुलगा बेस वाजवतो. दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात संगीताचा अभ्यासक्रम, आणि त्यात मुख्य वाद्य बेस गिटार, म्हणजे खर्जात वाजणारी गिटार. आठवड्यातून एकदा पाऊण तास. खोलीत एक सर, एक विद्यार्थी, बस. बेसची दांडी साध्या गिटारपेक्षा बरीच लांब असते. तारेचा वाजणारा भाग 34 इंच, इलेक्ट्रिक गिटारचा साधारण साडेपंचवीस. ते धूड घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरायचं म्हणजे शिव्या खायच्या, म्हणून तो मालडब्यातून जायचा. “घाटकोपरपर्यंत ठीक असतं,” तो म्हणाला. “भायखळा आलं की हात गार पडतात.”

पहिल्या दोन भेटींत मी माझं नेहमीचं केलं. श्वास कसा घ्यायचा, भीती वाटते तेव्हा शरीरात काय होतं, हात का गार पडतात (रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटांच्या वाट्याला कमी येतं), ‘मला येणारच नाही’ हा विचार वहीत लिहून त्याची उलटतपासणी कशी करायची. मुलगा गुणी. सगळं केलं. तिसऱ्या भेटीला येऊन म्हणाला, “श्वास मस्त जमतो आता. वाजवायला अजूनही जमत नाही.”

मग एका सिनियरने सांगितलेली गोळी त्याने विचारली. प्रोप्रॅनोलॉल. वादक मंडळींत हे नाव फिरत असतं, ही गोळी धडधड आणि थरथर कमी करते हेही खरं. मी विचारलं, दमा आहे का? लहानपणी पंप घ्यायचो, म्हणाला. दमेकऱ्याला ती गोळी महागात पडू शकते. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, ते डॉक्टरचं. आणि मित्राच्या पाकिटातली तर अजिबातच घ्यायची नाही, एवढं सांगून तो विषय मी तिथेच संपवला.

चौथ्या भेटीला मी त्याला बेस बाहेर काढायला लावला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मला बेसमधलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले, तीही सुटली. पण माणूस अडतो कुठे, हे बघायला वाद्य यावं लागत नाही.

तो खुर्चीत बसला, कानात हेडफोन घातले, छोटं यंत्र बेसच्या खाचेत खुपसलं. म्हटलं, हेडफोन काढ, मलाही ऐकू दे. आवाज मोठा करणारा अँप नव्हता, त्यामुळे तारांची नुसती पुटपुट ऐकू येत होती. बारा बारचा ब्लूज (पाश्चात्त्य संगीताचा एक प्रकार), ए मध्ये. बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा; ए, डी, ई ही स्वरांची इंग्रजी नावं. प्रत्येक बारमध्ये चार स्वर, म्हणजे एका फेरीचे 48. पहिले चार बार ए, मग दोन डी, पुन्हा दोन ए, नववा ई, दहावा डी, शेवटचे दोन ए. हे त्यानेच मला समजावलं आणि छान समजावलं. मग वाजवायला लागला. सहाव्या बारमध्ये एक स्वर घसरला. तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा सहाव्यात अडला, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला शेवटपर्यंत गेला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बघा, येतंय ना?”

मी म्हटलं, “आता नवव्या बारपासून वाजव.”

त्याने पट्टीवर बोट ठेवलं. उचललं. डोळे मिटले, ओठ हलले. मला कळेना काय चाललंय, मग लक्षात आलं: तो मनातल्या मनात पहिल्या बारपासून मोजत येत होता. आपण तेराचा पाढा पाठ केलेला असतो, पण कुणी एकदम “तेरा साते?” विचारलं की “तेरा एके तेरा”पासून जिना चढावा लागतो, तसंच. 48 स्वर त्याने एकाच माळेत ओवले होते. मधला मणी सुटा काढायचा तर माळ तुटायची.

आणि सर काय करायचे? जे कुठलाही शिक्षक करेल तेच. चुकलं की थांबवायचे आणि म्हणायचे, “बार नऊपासून घे.”

मी विचारलं, “समोर कागद असतो ना? त्यावर बघून घेता येत नाही?”

बराच वेळ तो बॅगेच्या चेनशी खेळत राहिला. मग म्हणाला, “मला नोटेशन वाचता येत नाही, मॅडम.”

आठ महिने झाले होते. दर आठवड्याला सर स्टँडवर कागद ठेवत, हा त्याकडे बघत मान डोलावत असे, आणि मग रात्री व्हिडिओ शोधून, कानाने ऐकून सगळं पाठ करत असे. कान जबरदस्त होता म्हणून ते आठ महिने निभावलं. कान कुठे तयार झाला? मामाच्या बेंजो पार्टीत. सातवीपासून हा गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर बसून कॅसिओ वाजवतोय.

इथे थोडं विषयांतर करते, कारण एकट्याने शिकण्याची ही बाजू आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या लक्षात येत नाही. साठ जणांच्या वर्गात मागचा बाक असतो. शेजारच्यालाही येत नाही हे दिसतं, आणि त्यात केवढा दिलासा असतो! एकास एक शिकवणीत मागचा बाक नाही. तुलनेला माणूस एकच, तोही तीस वर्षं हॉटेलांत आणि रेकॉर्डिंगला वाजवलेला. उरलेली तुलना रात्री फोनवर. हा मुलगा बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ बघायचा आणि स्वतःला शिक्षा दिल्यासारखं म्हणायचा, “ती पण मुंबईचीच.” तिचे वडील स्वतः बेसवादक, अगदी लहानपणापासून तिला त्यांनीच शिकवलं, हे त्याला माहीत होतं, हिशेबात मात्र धरायचं नव्हतं. शिवाय आपल्याकडे ‘सरांना कसं सांगायचं’ हा वेगळाच डोंगर. फी भरून शिकायला जायचं आणि येत नाही हेच तेवढं लपवायचं! हसू नका, मी पेटीच्या क्लासला हेच केलं होतं.

तर त्याची भीती खोटी नव्हती, पण तिच्या पोटात एक अगदी साधी गोष्ट लपली होती. “घरी येतं” हे पूर्ण खरं नव्हतं. घरी त्याला थांबून पहिल्यापासून सुरू करणं येत होतं. दिवसाला दोन तास तो त्याचाच रियाज करत होता.

त्याला मी झुरळांची गोष्ट सांगितली. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1965 साली मांडलं की कुणी बघत असलं की आपल्या अंगवळणी पडलेलं तेच जोरात बाहेर येतं. पक्कं असेल तर काम सुधारतं, कच्चं असेल तर बिघडतं. 1969 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर करून पाहिलं. उजेडापासून सरळ रस्त्याने पळायचं होतं, तेव्हा बघ्या झुरळांसमोर ती जास्त जोरात पळाली. वळणाच्या वाटेवर मात्र बघे असताना त्यांना जास्त वेळ लागला. भांडुपच्या चाळीत वाढलेला मुलगा यावर हसला नसता तरच नवल. “म्हणजे सरांसमोर माझं थांबणंच जोरात बाहेर येतं,” तो म्हणाला. हे मी सांगायच्या आधी त्याने ओळखलं, याचा मला आनंद झाला.

मी विचारलं, “मिरवणुकीत चुकतोस तेव्हा काय करतोस?”

“थांबतो कुठे? टेम्पो चाललेला असतो. पुढच्या ठेक्याला पकडायचं.”

त्या आठवड्यात दोनच कामं ठरवली. एक म्हणजे सरांना सांगणं. वाक्य आम्ही कागदावर लिहिलं, कारण ऐनवेळी तो माफी मागत बसेल याची मला खात्री होती. “सर, मला नोटेशन वाचता येत नाही. मी आतापर्यंत पाठ करून वाजवत होतो. वाचायला शिकायचंय.” तीन वाक्यं, त्यात ‘सॉरी’ एकदाही नाही. माझ्यासमोर त्याने ती पाच वेळा म्हटली. वर्गात गेल्यावर बेस बॅगेतून काढायच्या आधीच म्हणायची, असं ठरलं. एकदा वाजवायला लागला की राहून गेलं असतं.

दुसरं काम घरचं. एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या करायच्या, डब्यात घालायच्या, येईल त्या बारपासून सुरू करून शेवटपर्यंत जायचं. चुकलं तरी थांबायचं नाही. चिठ्ठी दुसऱ्या कुणीतरी काढायची.

ते काम आईकडे गेलं. पोह्यांचा रिकामा डबा ओट्यावर, आई पोळ्या लाटतेय, पिठाच्या हाताने चिठ्ठी काढून ओरडतेय, “सात!” हा दारात पट्टा लावून उभा. उभाच, कारण वर्गात उभं राहून वाजवायचं आणि घरी पलंगावर मांडी घालून, हाही फरक आम्हाला मधेच सापडला होता. दहा दिवसांनी आईचा मला फोन आला. “मॅडम, मला यातलं काही कळत नाही, पण आठ नंबरला तो नेहमी घाबरतो.” बरोबर होतं! आठवा बार संपला की ई वर उडी. त्या माउलीने पोळ्या लाटता लाटता माझ्यापेक्षा नेमकं निदान केलं होतं.

एक गंमतही झाली. त्याने एका फेरीचं फोनवर रेकॉर्डिंग करून मला पाठवलं आणि ऐकून स्वतःच खचला: “काहीच वाजत नाहीये.” बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 कंपनं करते, फोनच्या इवल्याशा स्पीकरला ते झेपत नाही, ऐकू येते फक्त बोटांची टकटक. चांगल्या हेडफोनवर ऐक म्हटलं. ऐकल्यावर “तेवढंही वाईट नाही” असा मेसेज आला. त्याच्याकडून ही मोठीच कबुली.

सरांना त्याने सांगितलं. सर वांद्र्याचे, हिंदी-मराठीची खिचडी बोलणारे. ते म्हणाले, “मी पण पाच साल कानावरच वाजवलं. वाचायला लग्नाच्या बँडमध्ये शिकलो, ओरडा खाऊन.” मग कागद पुढे ओढून दाखवलं: मोकळी (बोट न दाबता छेडलेली) ए तार स्वरलिपीच्या पाच रेषांमधल्या खालून पहिल्या फटीत, मोकळी डी बरोबर मधल्या रेषेवर. त्या पाऊण तासात बेस फारसा वाजलाच नाही. परतीच्या गाडीतून त्याने मला फटी आणि रेषांचं चित्र काढून पाठवलं, एक चूक असलेलं.

सगळ्यांचं असं निघत नाही. काहींना खरोखर तयारी पक्की असूनही हात थरथरतात, तिथे वेगळ्या मार्गाने जावं लागतं. आणि भीती वर्गापुरती न राहता झोप, जेवण, घराबाहेर पडणं यांवर यायला लागली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं बरं. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन, 14416, मोफत आहे आणि मराठीत बोलते. पण “घरी येतं” असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिल्याच भेटीत विचारते: घरी चुकतोस तेव्हा नेमकं काय करतोस?

सेमिस्टरच्या परीक्षेत दोन परीक्षक होते. सहाव्या बारमध्ये घसरला, सातवा अख्खा गेला, आठव्याला पकडलं आणि नवव्यात वेळेवर ई वर उतरला. मार्क मध्यम. हात अजूनही भायखळ्याला गार पडतात.

आता कॉलेजच्या बँडमध्ये घेतलंय त्याला. परवा पुन्हा तीच बॅग घेऊन आला, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, ड्रमवाला लय वाढवत पळतो. त्याला कसं सांगायचं?” कागद आणि पेन मी पुढे सरकवलं.