टेरेटिकॉर्निस की कॅमाल्डुलेन्सिस?

सालीवरून या दोन निलगिरी ओळखायला जाऊ नका, फसाल. दोन्हींची साल सोलून गुळगुळीत होते. कळी बघा. टेरेटिकॉर्निसच्या कळीची टोपी शिंगासारखी लांब, निमुळती असते. नावाचा अर्थच 'गोल शिंग'. कॅमाल्डुलेन्सिसची टोपी आखूड, बऱ्याचदा टोकाला चोचीसारखी. पण तिच्या उत्तर ऑस्ट्रेलियातल्या झाडांना ही चोच नसते, तिथे गोंधळ होतोच.

म्हणून मी बियांवर जास्त विसंबतो. पिकलेली बोंडं कागदावर वाळवा, झटका आणि भिंग घ्या. तांबूस भुसा बाजूला सारून भरीव बी शोधा: पिवळसर असेल तर कॅमाल्डुलेन्सिस, काळपट असेल तर टेरेटिकॉर्निस. दोन्हींचा संकर सहज होतो, तेव्हा मधलंच काही दिसलं तर ओढूनताणून नाव देऊ नका.