‘रेड प्लॅनेट मार्स’ (१९५२) हा निव्वळ कम्युनिस्टविरोधी प्रचारपट आहे का?

तुम्ही विचारलंय की या सिनेमाला काही जण प्रचार म्हणून मोडीत काढतात, तर काही जण पाहून भारावून जातात, मग नेमकं काय मानायचं? मी तो तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा एकट्याने, मग बाबांबरोबर आणि नंतर वसईच्या एका मित्राबरोबर. आमची तिघांची मतं तीन झाली, ती तशीच सांगतो. शेवटासकट सांगणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा. दीड तासाच्या आतला आहे.

प्रचार आहे, यात वादच नाही. तो काळच तसा होता. १९४९ मध्ये रशियाने अणुचाचणी केली, १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं, त्याच वर्षी सिनेटर मॅकार्थी सरकारी खात्यांत लपलेल्या कम्युनिस्टांच्या याद्या असल्याचं सांगू लागले. हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांच्या चौकशा तर १९४७ पासूनच चालू होत्या. ‘तुम्ही कम्युनिस्ट आहात का’ या प्रश्नाला उत्तर न दिल्याबद्दल दहा जण तुरुंगात गेले. अशा हवेत हॅरी हॉर्नर यांनी हा सिनेमा केला.

गोष्ट अशी. अमेरिकेतला एक तरुण शास्त्रज्ञ (पीटर ग्रेव्ह्ज) आणि त्याची बायको लिंडा हायड्रोजन व्हॉल्व्ह नावाच्या यंत्राने मंगळाला संदेश पाठवत असतात. उत्तर येतं, पण समोरच्याला आपली भाषा कळते की आपलाच आवाज परत येतोय, हे ओळखायचं कसं? त्यांचा मुलगा सुचवतो, ‘पाय’ची (वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागून येणारी, अंक कधीच न संपणारी ३.१४१५९… ही संख्या) किंमत पाठवा. ते काही अंक पाठवतात आणि मंगळावरून पुढचे अंक येतात. मी शाळेत गणित शिकवतो. हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितलाय आणि दरवेळी मुलं एकदम शांत होतात.

यानंतर जे घडतं तिकडे सिनेमाला नावं ठेवणाऱ्यांचं लक्षच जात नाही, असं मला वाटतं. मंगळावर माणसं तीनशे वर्षं जगतात, तिथे कोळसा लागत नाही, विश्वकिरणांतून ऊर्जा मिळते, अशी माहिती येऊ लागते. ती ऐकून आधी कोसळते ती अमेरिका! खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडतात, बाजार बसतो. स्वस्त ऊर्जेची नुसती बातमी सगळी भांडवलशाही आडवी करू शकते, हे या कट्टर कम्युनिस्टविरोधी सिनेमाने बिनदिक्कत दाखवलंय. मॉस्कोची पाळी नंतर येते. मंगळावरचे संदेश धार्मिक होतात, येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली वचनं येतात. रशियातली म्हातारी माणसं रेडिओवर ती ऐकतात आणि जमिनीत पुरून ठेवलेल्या पूजेच्या वस्तू उकरून काढतात. सरकार उलथतं, चर्चचे धर्मगुरू सत्तेवर येतात.

बाबा लालबागच्या गिरणीत होते. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून लाल बावट्याच्या सभांना गेलेले. रशियाला शिव्या बसतायत म्हणून ते उठून जातील असं मला वाटलं होतं. ते शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, “खाणी बंद पडल्या म्हणून सांगतात, पण खाणीतला माणूस कुठे दाखवला रे? रशियातला शेतकरी तरी दिसला. अमेरिकेतल्या कामगाराची नुसती बातमी.” १९८२ चा संप ज्याने घरात बसून काढला त्या माणसालाच हे दिसणार. मी दोनदा पाहूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मला स्वतःला खटकतं ते खलनायकाचं पात्र. काल्डर हा नाझी शास्त्रज्ञ, मूळ व्हॉल्व्ह त्याचाच, आणि तो अँडीज पर्वतात लपून रशियासाठी काम करतो. युद्धानंतर रशियाने जर्मन शास्त्रज्ञ नेले हे खरंच आहे. पण अमेरिकेनेही नेले. हिटलरसाठी व्ही-२ रॉकेट बनवणारे व्हेर्नर फॉन ब्राउन १९५२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी क्षेपणास्त्रं बनवत होते. म्हणजे प्रेक्षकांनी ज्याचा तिरस्कार करायचा, तसाच माणूस त्यांच्याच देशात पगारावर होता. या सिनेमाचा खरा अप्रामाणिकपणा मला इथे दिसतो, त्यातल्या श्रद्धेत नाही.

श्रद्धेबद्दल माझ्या मित्राचं ऐका, तो चर्चला नियमित जाणारा. शेवटी काल्डर येऊन सांगतो की मंगळाचे संदेश मीच पाठवत होतो, आणि त्याचं यंत्र नष्ट झालेलं असतानाही पडद्यावर एक नवा संदेश उमटू लागतो. तेव्हा मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. अनेक प्रेक्षकांना हा शेवट हास्यास्पद वाटतो. त्याला वाटला नाही, आणि त्याच्या शेजारी बसून मलाही वाटला नाही. पण चहा घेताना तो म्हणाला, “त्याच प्रवचनात देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही असंही आहे. ते वॉशिंग्टनला कोणी ऐकवत नाही.”

एवढं मात्र लक्षात ठेवा की हा धर्माचा सूर एकट्या सिनेमावाल्यांचा नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख १९५४ मध्ये घातला गेला आणि ‘देवावर आमचा विश्वास’ हे अधिकृत राष्ट्रीय बोधवाक्य १९५६ मध्ये झालं. सिनेमा त्याच्या आधीचा आहे.

पुन्हा पाहणार असाल तर लिंडाकडे लक्ष द्या. तीही शास्त्रज्ञच, पण नवऱ्याच्या यशाने ती धास्तावते. आपण सगळे ज्वालामुखीच्या तोंडावर राहतोय, असं ती सांगते. त्या बोलण्यात रशिया नाही की अमेरिका नाही, आपल्या मुलांना मोठं होऊ देतील की नाही एवढीच एका आईची भीती आहे. सिनेमा प्रदर्शित झाला त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटांवर अमेरिकेने पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली.