मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं आणि पोरगी दोन दिवस जेवली नाही

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावीला आहे. लहानपणापासून वेंधळी, आज डबा विसर उद्या छत्री विसर, पण दंगा कधी केला नाही त्यामुळे शाळेत कुणाचं लक्ष गेलं नाही. गेल्या वर्षी कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वतःला आवरता येत नाही असा त्रास, आहे म्हणाले, गोळी चालू आहे, अभ्यासात फरक पडलाय. पण आता वेगळंच झालंय. गौरी-गणपतीला वाडीत फुगड्यांची प्रॅक्टिस चालू होती, तिथे हिने मैत्रिणीची खासगी गोष्ट सगळ्यांसमोर बोलून टाकली, मुद्दाम नाही हो, तोंडातून निघून गेली. मुलींनी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. त्या रात्री पडवीत बसून एवढी रडली, मोबाईल आपटला, दोन दिवस धड जेवली नाही. तिचे बाबा मुंबईला असतात, सणाला आले होते, ते म्हणाले नाटकं बंद कर. सासूबाई म्हणतात, "चेडवाक आवशीन लाडावून ठेवल्यान." माझंच काही चुकलं का?

उत्तर : नाही, तुमचं चुकलेलं नाही, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. एडीएचडी लाडाने होत नाही आणि धाकाने जात नाही. ते बरंचसं रक्तातून येतं. सवड मिळाली की सासूबाईंना सहज विचारा, तिचे बाबा लहानपणी कसे होते, किती चपला हरवल्या, मास्तरांच्या किती छड्या खाल्ल्या. प्रत्येक घरी असं निघेलच असं नाही, पण मी कितीतरी घरात बघितलंय की त्या गप्पांनंतर बाबांचा आवाज खाली येतो.

आता "नाटकं" या शब्दाबद्दल. २००७ साली अमेरिकेत एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले तेव्हा दिसलं की मेंदूच्या वरच्या थराची वाढ त्यांच्यात होते त्याच क्रमाने, पण सरासरी ३ वर्षं मागे, आणि जास्त उशीर कुठे तर नेमका पुढच्या भागात, जो आपल्याला थांब, आत्ता बोलू नको असं सांगतो. म्हणजे तुमची मुलगी उंचीने, बुद्धीने १५ची आहे पण स्वतःला आवरायच्या बाबतीत १२ची धरा. बारा वर्षांच्या पोरीला मैत्रिणींनी वाळीत टाकलं तर ती कशी रडेल? तसंच ती रडली. या मुलांना राग, लाज, अपमान सगळं आपल्यासारखंच होतं, फक्त एकदम भरतीसारखं अंगावर येतं आणि ओसरायला वेळ लागतो. भरती चढत असताना कुणी होडी लोटत नाही ना, मग त्या वेळी समजावू पण नका. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, शेजारी बसा, बोलायचं ते अर्ध्या-पाऊण तासाने.

एक काम मात्र तुम्हाला देते. एक दिवस खिशात किंवा पदराला चिंचोके बांधून फिरा, आणि तिला "अगो कितीदा सांगू", "लक्ष कुठे असतं तुझं", "परत विसरलीस?" असं काही म्हटलंत की एक चिंचोका वाटीत टाका. मी एका आईला हे सांगितलं होतं, दुपारच्या जेवणाआधी वाटीत १९ झाले होते आणि ती बाई चांगली, मायाळू बाई. शाळेतले आणि शेजारचे वेगळेच. वर्षानुवर्षं हे ऐकलेल्या पोरीला एक मेसेज नुसता सीन होऊन पडला तरी वाटतं की मी कुणालाच नको आहे.

मैत्रीचं म्हणाल तर सगळा ग्रुप परत जोडायच्या मागे लागू नका. जिची गोष्ट फुटली तिच्याकडेच जायचं, फोनवर नाही, समोर. आणि दोनच वाक्यं : "मी तुझं बोलून टाकलं, तुला सगळ्यांसमोर लाज वाटली, चूक माझी." एडीएचडीचं कारण त्यात घालायचं नाही, नाहीतर माफी राहते बाजूला आणि सबब होते. घरी आधी तुमच्यासमोर बोलून बघू दे. ती मुलगी लगेच बोलेल असं नाही, थांबावं लागेल. पुढे ग्रुपपेक्षा एकेकीबरोबर वेळ जाऊ दे, ओहोटीला खाडीत मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जा, रातांबे फोडायला बसा, हाताला काम असलं की तोंड जरा सावकाश चालतं आणि मध्येच गप्प बसलं तरी कुणाला खटकत नाही.

गोळीने लक्ष लागतं, तोंडातला शब्द थोडा थांबतो, पण मैत्री कशी टिकवायची ते गोळी शिकवत नाही, ते शिकवायला समुपदेशक लागतो. आणि जेवण-झोप गेलेली राहिली, "मी नसले तर बरं" असं काही बोलली, तर सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का, विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक गप्प होतात, म्हणून सांगते, जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचे डॉक्टर बघतात, तिथे जा, पण दहावी होऊ दे मग बघू असं करू नका.

प्रश्न : मी १६ वर्षांचा, दापोली. मलाही एडीएचडी आहे. मी मध्येमध्ये बोलतो म्हणून मित्र मला लाऊडस्पीकर म्हणतात, मीपण हसतो पण घरी आल्यावर खूप वाईट वाटतं. त्यांना सांगू का?

उत्तर : सगळ्यांना नको रे, एकालाच सांग, जो तू नसताना तुझी बाजू घेतो त्याला. आजाराचं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, एवढंच सांग की मला मध्ये बोललेलं कळत नाही, मी सुरू झालो की गुडघ्याला हात लाव. आणि त्या नावाला हसणं बंद कर. तू हसतोस म्हणून त्यांना वाटतं की तुला चालतं.