वाचक विचारतात : जपानच्या प्राथमिक शाळेत लातूरच्या बाई

(जपानच्या शिमाने प्रांतातल्या प्राथमिक शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या लातूरच्या एका वाचक-भगिनीची ओळख मागच्या अंकात छापली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांना त्यांनीच ही उत्तरं पाठवली आहेत.)

मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आपल्याकडं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी चौथीतलं लेकरू चारचौघांत एक वाक्य बोलत नाही. तिकडं परदेशी माणूस वर्गात आणून उभा करतात, त्यानं खरंच फरक पडतो का? आणि तासाला नेमकं करता काय?
— एक शिक्षक, ता. अहमदपूर

सर, आधी तासाचं सांगते. तास ४५ मिनिटांचा. तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, म्हणजे आठवड्याला एखादाच, पाचवी-सहावीला ७०. ही रचना २०२० पासूनची. त्याआधी २०११ पासून फक्त पाचवी-सहावीलाच इंग्रजी सक्तीचं होतं, तेही ३५ तास. पहिली-दुसरीला आजही सक्तीचं नाही. तिसरी-चौथीत लिहिण्या-वाचण्यावर जोर नाही, श्रेणी नाही. प्रगतिपत्रकात शेरा तेवढा येतो. ऐकायचं आणि बोलायचं. किती आहेत, कोणता रंग आवडतो, हे काय आहे, एवढ्यावर महिने जातात. चित्रांचे पत्ते, गाणं, आणि पहिला डाव कुणाचा हे ठरवायला दगड-कागद-कात्री. त्या खेळात हरलेलं लेकरू हुज्जत घालत नाही, मुकाट्यानं मागं सरतं. याचं मला अजून नवल वाटतं.

वर्ग माझा नसतो. वर्गशिक्षक मुख्य, मी सोबतीला. भाषा, गणित, समाजशास्त्र असं जवळपास सगळं तेच शिकवतात, आणि त्यातल्या बहुतेकांचा इंग्रजी हा खास विषय कधीच नव्हता. मी वार वाटून वेगवेगळ्या शाळांत जाते. डोंगरातल्या एका शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे बसते, आपल्या वस्तीशाळेसारखंच. गावात तरुण माणूस दिसत नाही, पट दरवर्षी घटतो, आणि शाळा शेजारच्या गावात विलीन होणार ही चर्चा शिक्षकांच्या खोलीत कायम चालू असते.

आता फरकाचं. नुसत्या माझ्या उभं राहण्यानं फार फरक पडत नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहितेय. माझे उच्चार ऐकून लेकरं खूश होतात, हातातल्या बांगड्या बघतात, पण तोंड उघडत नाहीत. चारचौघांत चुकायची भीती तिथल्या लेकरांना आपल्यापेक्षा कणभर जास्तच आहे. एका शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिका आहेत, वय पन्नाशीपुढचं. सकाळी शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलाशी येतात, हातात कागदाचा चिटोरा, त्यावर जपानी अक्षरांत इंग्रजी वाक्य लिहिलेलं. दोनदा म्हणून घेतात. मग वर्गात पोरांसमोर तेच वाक्य म्हणायला जातात, मध्येच अडतात, माझ्याकडं वळून सगळ्यांदेखत विचारतात, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. त्या वर्गात हात वर होतात. दुसऱ्या एका वर्गात शिक्षक मागं बसून वह्या तपासतात, सगळा तास माझ्यावर सोडून. तिथं मी कितीही नाचले तरी ओठ हलत नाहीत. पोरं सारखीच, पुस्तक तेच, परदेशी बाईही तीच.

म्हणून सर, तुमच्या शाळेत परदेशी माणूस नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचं इंग्रजी अडखळत असेल तर ते लेकरांसमोर अडखळू द्या. अडलं की त्यांच्यादेखत शब्दकोश उघडा, मोबाइलवर उच्चार ऐका, परत म्हणा. आपले गुरुजी चुकतात, विचारतात आणि तरी बोलतात हे लेकरानं डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. ते मला कधीच दाखवता येणार नाही; मला इंग्रजी येतं हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

आणखी एक. तासाबाहेरचा वेळ सोडू नका. चौथीतली एक मुलगी वर्गात माझ्यापुढं मान वर करत नव्हती. तिथं रोज पंधरा-वीस मिनिटं सगळी शाळा मिळून सफाई करते, शिक्षकसुद्धा. आम्ही दोघी नळाशी फडकी पिळत होतो. तिनं ओल्या बोटानं माझ्या बांगडीला हात लावला आणि म्हणाली, "आय लाइक ग्रीन." तिसरीत शिकलेलं वाक्य होतं ते, इतके महिने आत ठेवलेलं. मी "मी टू" म्हटलं आणि आम्ही जिना पुसायला गेलो. वर्गात ती पुढंही बरेच दिवस गप्पच होती, पण सफाईच्या वेळी माझ्या बाजूची पायरी तिचीच असायची.

त्या सफाईचे व्हिडिओ आम्ही पाहिलेत. लेकरं खरंच संडास धुतात का? पालक भांडायला येत नाहीत?
— एक पालक, परतूर

बऱ्याच शाळांत मोठ्या वर्गांची मुलं धुतात, हो. पालक भांडत नाहीत, कारण त्यांनीही लहानपणी धुतलेत. आणि एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही: पाणी चोवीस तास असतं, ब्रश, हातमोजे, साबण जागच्या जागी असतात, आणि वहाणा दाराशी काढून आतले वेगळे बूट घातल्यामुळं माती आत येतच नाही. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या आपल्या गावातल्या शाळेला हा व्हिडिओ दाखवून "बघा, शिका" म्हणणं मला पटत नाही. आधी नळाला पाणी द्या.

माझी मुलगी तिकडं नोकरीला जायचं म्हणते. आम्ही माळकरी. तिनं खायचं काय?
— एक आई, परभणी

ताई, तिथं ताटातला मासा टाळणं फार अवघड. जेवण शाळेकडून येतं आणि वर्गातच होतं. वाढायची पाळी असलेली लेकरं पांढरे अंगरखे, टोप्या आणि मुखपट्ट्या लावून जेवण वाढतात. भात, सार, एक भाजी, एक मुख्य पदार्थ आणि २०० मिलिलिटर दूध. हात जोडून सगळ्यांनी एकदम "इतादाकिमास" (जेवणाआधीचे कृतज्ञतेचे शब्द) म्हटल्याशिवाय कुणी घास घेत नाही. चित्र फार देखणं आहे. पण साध्या दिसणाऱ्या साराचं पाणीही बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं असतं, आणि ज्या करीच्या दिवशी पोरं उड्या मारतात तिच्यात डुकराचं मांस असू शकतं.

शाकाहारी माणसासाठी मार्ग एकच: स्वतःचा डबा. कामावर रुजू व्हायच्या आधीच तसं लेखी कळवायचं. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी वेगळी सोय करायची सवय शाळांना आहे, त्यामुळं सांगितलेलं ऐकतात. मी पोळी-भाजी नेते आणि कुठल्या ना कुठल्या वर्गात लेकरांच्या गटात बसून खाते. शेंगदाण्याची चटणी मात्र वर्गात नेत नाही, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं लेकरू असू शकतं. ज्वारीचं पीठ मी सुटीत लातूरहून घेऊन जाते. खरं सांगायचं तर जेवणापेक्षा सणाला जीव कासावीस होतो. येळवशीला घरचे सगळे शेतात भज्जी-आंबिलीला बसलेले असतात आणि तिकडं माझ्या खिडकीबाहेर बर्फ.

आम्ही १९९३ चे किल्लारीचे भूकंपग्रस्त. तिथं लेकरांना भूकंपाचं काय शिकवतात?
— एक आजोबा, ता. औसा

आजोबा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझी आजी ३० सप्टेंबरची ती पहाट सांगायची, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं, दगड-मातीच्या जाड भिंती.

जपानच्या शाळांत वर्षातून अनेकदा सराव होतो. ध्वनिक्षेपकावर सूचना येते आणि क्षणात वर्ग रिकामा दिसतो, सगळी लेकरं टेबलाखाली, टेबलाचे पाय दोन्ही हातांनी धरून. हादरे थांबले असं सांगितलं की मैदानावर. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागं फिरायचं नाही. प्रत्येक शिक्षक डोकी मोजून मुख्याध्यापकांना सांगतो. पहिलीतलं लेकरूसुद्धा हसत नाही. १ सप्टेंबर हा तर देशभर आपत्ती निवारण दिन, १९२३ च्या तोक्योच्या भूकंपाची आठवण म्हणून.

पण सरावाइतकीच मोठी गोष्ट भिंतीत आहे. १९८१ मध्ये त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले आणि त्याआधीच्या शाळांना पुढं बळकटी दिली. माझ्या एका शाळेत खिडक्यांवरून पोलादाचे जाडजूड तिरके आधार गेलेत. वर्गातला उजेड थोडा अडतो, पण कुणाची तक्रार नाही. आपल्याकडं नव्या गावांत भूकंपरोधक घरं झाली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्या घरांवर पुढं चढवलेले मजले आणि शेजारच्या तालुक्यांतल्या जुन्या शाळाखोल्या कुणी तपासल्यात का, हे तुम्हीच गावच्या ग्रामसभेत विचारा. तुमचा शब्द तिथं खाली पडणार नाही.

मी मराठी माध्यमाचा, बी.एस्सी. झालोय. या नोकरीसाठी अर्ज करता येईल का? पगार किती?
— एक तरुण, हिंगोली

दादा, स्पष्ट लिहिते, म्हणजे एजंटाच्या नादी लागून पैसे घालवणार नाहीस. सरकारी मार्ग म्हणजे जेट योजना, परदेशी पदवीधरांना तिथल्या शाळांत आणि स्थानिक कार्यालयांत नेमणारी, १९८७ पासून चालू. भारत तिच्यात आहे. कुठल्याही शाखेची पदवी लागते. त्या वर्षी आपल्या देशातून कोणती पदं भरणार, ते दिल्लीतल्या जपानी दूतावासाच्या सूचनेत बघ. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात आणि निवड झालेले पुढच्या वर्षी जपानच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास रुजू होतात. करार एकेक वर्षाचा, फार तर पाच वर्षं. एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार येन आहे, कर कापण्याआधीचा. खासगी कंपन्यांमार्फतही शिक्षक घेतात, तिथं पगार बहुधा कमी.

तुझी अडचण दुसरीकडं आहे. शाळेत भाषा शिकवायच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट असते. अकरावी-बारावी आणि पदवी इंग्रजीतून धरली तरी तुझी पाचच होतात. कुणी "जमवून देतो" म्हणालं तर त्याला एक रुपयाही देऊ नकोस. जपानलाच जायचं मनात असेल तर जपानी शीक. त्याच जेट योजनेत जपानी येणाऱ्यांसाठी स्थानिक कार्यालयांतली वेगळी पदं असतात, आणि विज्ञान पदवीधराला जपानी भाषेच्या जोरावर इतर नोकऱ्याही आहेत. भाषेची परीक्षा पुण्यात होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. अर्जाची मुदत काही महिने आधीच संपते, तेव्हा डिसेंबरसाठी पावसाळ्यातच चौकशी कर.